व्याह्यांची बाटली

आबा पिकअपमधून उतरले ते गोधडीची एक गुंडाळी छातीशी धरून. नाताळची सकाळ होती. आमच्या गल्लीत सगळे नवे कपडे घालून एकमेकांकडे फराळाची ताटं पोचवत होते, आणि आमच्या फाटकाशी धोतर, टोपी, गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का असा एक माणूस तान्हं मूल सांभाळावं तसा जपून पाऊल टाकत होता. समोरच्या लुर्डीनबाय हातातलं ताट तसंच घेऊन धावल्या.

“अगो सुवर्णा, बाळ कोणाचं आणलं तुझ्या वडलांनी?”

आबांनी गंभीरपणे गोधडीचं टोक बाजूला केलं. आतून सोनेरी कागद लावलेली बाटलीची मान बाहेर आली.

“आमच्या मळ्याची हाय,” ते म्हणाले. “बुडबुड्याची वाइन.”

लुर्डीनबाय एकदा माळेकडे, एकदा बाटलीकडे बघत राहिल्या. मी हसायला गेले आणि डोळ्यांत पाणीच आलं. कारण ती बाटली मी ओळखत होते, आणि आबा ती घेऊन कधी माझ्या दारात उभे राहतील असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

माझं माहेर दिंडोरीकडचं. आबांचा द्राक्षाचा मळा. घरात तीन पिढ्या माळ. दारू सोडा, विडीचा वाससुद्धा आमच्या उंबऱ्याच्या आत आला नाही. पण जवळ वाइनचा कारखाना निघाला आणि आबांनी निम्म्या मळ्यात त्यांची पांढरी द्राक्षं लावली. गावात लोक चिडवायचे, “काय आबा, माळ घालून दारूची शेती?” आबा म्हणायचे, “म्या द्राक्ष पिकवतो. म्होरं त्याचं काय व्हतं ते द्राक्षाला इचारा.”

त्याच कारखान्यात पाहुण्यांच्या दालनात मला नोकरी लागली. शहरातून येणाऱ्या लोकांना वाइन कशी वाढायची, कशी बघायची, हे मी शिकले. न पिता शिकले, हे आबांना सांगून ठेवलं होतं. आणि कारखान्याची गार खोल्यांची यंत्रं बघायला वसईचा एक मुलगा होता, ॲल्विन. पुढचं सांगायला नको.

लग्न करून मी वसईला आले. लग्नाला आबा आले नाहीत. रागावले नाहीत, शाप दिले नाहीत, नुसते बोलायचे थांबले. हे जास्त वाईट. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं, गप्प बसलेल्याचं काय करणार? आई चोरून फोन करायची. पण माझी सासू, सिसिलिया, जिला मी मम्मी म्हणते, ती मात्र चोरूनबिरून काही करत नव्हती. ती दर सणाला थेट आबांच्याच फोनवर फोन लावायची. “व्याही, दिवाळीच्या शुभेच्छा. नाताळाला या.” आबा “बरं” म्हणून फोन ठेवायचे. दुसऱ्या सणाला ती परत लावायची. “व्याही, पाडव्याच्या शुभेच्छा. नाताळाला या.” असं चाललं होतं. मी म्हणायचे, मम्मी, कशाला स्वतःचा अपमान करून घेता? ती म्हणायची, “अपमान कसला? ते फोन उचलतात ना? ज्याला यायचंच नाही तो उचलत नाही.”

तिसऱ्या वर्षी आबांनी “बरं”च्या पुढे एक शब्द जास्त टाकला. “येतो.”

आता त्या बाटलीचं. माझं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट आहे. कारखान्यानं पहिल्यांदाच बुडबुड्यांची वाइन काढली, ती आबांच्याच द्राक्षांची. कारखान्यातल्या साहेबांनी आबांना बोलावून एक बाटली हातात दिली आणि म्हणाले, आबा, पिऊ नका, पण बघा तरी. उंच पेल्यात ओतली की तळापासून मोत्यांच्या माळा वर येतात, थांबतच नाहीत. ते वाक्य आबांच्या डोक्यात जाऊन बसलं. त्या संध्याकाळी ते मला म्हणाले होते, “सुवर्णे, तू कवातरी उघड. मला नुसतं बघायचंय. आपल्या द्राक्षातून मोती निघत्यात म्हंजी काय त्ये.” आईनं बाटली घरात येऊ दिली नाही. आबांनी ती विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत, गारव्याला, ठेवून दिली. मग माझं लग्न झालं, बोलणं थांबलं, आणि बाटली तिथंच राहिली. मला वाटलं होतं त्यांनी ती केव्हाच कुणाला देऊन टाकली असेल.

म्हणून म्हटलं, मी ती ओळखत होते. ती बाटली आणणं म्हणजे आबांचं बोलणं होतं.

मम्मी पदराला हात पुसत बाहेर आली. आमच्या घरात आपापसांत वसईची बोली चालते, पण पाहुणे आले की मम्मी शाळेतल्या बाईंसारखी शुद्ध मराठी बोलायला लागते. “या या, विहीणबाई. या व्याही. प्रवास कसा झाला?” आईनं तिच्या हातात घरच्या मनुक्यांची पिशवी दिली आणि दोघी क्षणभर एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. मग मम्मीनं सरळ आईला मिठी मारली. आईला आयुष्यात कुणी दारात अशी मिठी मारली नसावी. तिचे दोन्ही हात हवेत तसेच राहिले.

आबांनी बाटली पुढे केली. “ही आमच्या मळ्याची, विहीणबाई. तुमच्या सणाला.”

मम्मीनं ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावावी तशी वर नेली आणि खाली आणली. “व्याह्यांनी आणलेली वाइन,” ती म्हणाली. “आज हीच वाढायची. माझी राहू दे बरणीत.”

हे किती मोठं बोलणं होतं ते आबांना कळलं नसेल, मला कळलं. मम्मीची घरची वाइन म्हणजे आमच्या आळीत प्रमाण. काळ्या द्राक्षांची, चिनी मातीच्या बरणीत घातलेली, फडक्यातून गाळून, बसवून, परत गाळून आरशासारखी केलेली. सिसिलबायच्या वाइनमध्ये कधी कुणाला गाळाचा कण सापडला नाही. बाहेरची बाटली तर तिनं घरात कधी येऊ दिली नव्हती. मुलगा वाइनच्या कारखान्यात होता तरी.

आबांना पडवीत बसवून मी पाणी दिलं. त्यांनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, “कवा उघडायची?”

“जेवायला बसताना. आधी गार करायला लागते. मी स्वतः उघडते, तुमच्यासमोर. उंच पेले आणलेत मी.”

“म्या तोंडाला लावनार नाय.”

“माहितीये आबा.”

“नुसतं बघनार.” आणि मग पडवीतल्या कागदी ताऱ्याकडे बघत म्हणाले, “येताना सगळ्या वाटेनं तोच इचार. एवढा उशीर केला म्या. अजून असतील का गं त्ये मोती?”

“असतील, आबा. बंद बाटलीतून कुठं जातात?”

मी बाटली फ्रिजमध्ये आडवी ठेवली. मम्मी कोंबडीची शाकुती ढवळत होती. आबा-आईंसाठी तिनं वेगळ्या पातेल्यात वालाची भाजी, वेगळा डाव, सगळं वेगळं मांडलं होतं. मी म्हटलं, “मम्मी, बाटली जेवायच्या वेळी मी बघते हां.”

“तू काय काय बघशील? जा, आईला घेऊन ताटं देऊन ये. सगळ्या आळीला बघू दे सुवर्णाची आई आली ती.”

मी आणि आई नेवऱ्या, म्हणजे आमच्याकडच्या करंज्या, आणि केकची ताटं घेऊन निघालो. ॲल्विन बस्त्यावकाकांना आणायला गेला. बस्त्यावकाका म्हणजे ॲल्विनचे चुलते. जन्मभर बोटीवर, बड्या लोकांच्या टेबलाशी वाढपी. आमच्या घरात खाण्यापिण्याच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा, आणि ते तो कधी राखून ठेवत नाहीत.

आई दारोदार मिरवली. प्रत्येक घरात तिला बसवलं, प्रत्येक घरात काहीतरी हातावर ठेवलं. कोपऱ्यावरच्या घरी तर गव्हाणीतल्या बाळ येशूला तिनं पदर पसरून नमस्कार केला आणि तिथली म्हातारी खूश होऊन तिच्या गालाला हात लावत राहिली. परत यायला आम्हांला चांगलाच उशीर झाला.

स्वयंपाकघरात आले तर समोर शिंकाळ्याशेजारच्या फळीवर हिरवी बाटली. धुतलेली. उपडी.

मला काही क्षण कळलंच नाही मी काय बघतेय ते. मग टेबलावर नजर गेली. मम्मीचा काचेचा मोठा जग, तिच्या आईकडून आलेला, त्यावर मणी लावलेलं क्रोशाचं झाकण.

“मम्मी, ती बाटली...”

“झाली तयार,” मम्मी अभिमानानं म्हणाली. “अगं, काय फेस! बुच तर बंदुकीसारखं सुटलं, खिडकीतून कुठं गेलं देव जाणे. गाडीत हिंदकळली असणार बिचारी. म्हटलं, व्याह्यांची वाइन अशी फेसाळलेली वाढायची? माझं नाव जाईल. जाड फडक्यातून गाळली, परत गाळली, मग बसवली. आता बघ. एक बुडबुडा राहिला असेल तर नाव बदल माझं.”

तिनं झाकण उचललं. जगात फिकट पिवळी वाइन होती, स्वच्छ, नितळ, विहिरीच्या पाण्यासारखी गप्प.

मी तिला काय सांगणार? तिच्या घरच्या वाइनमध्ये फेस म्हणजे कच्चेपणा, पाहुण्याचं पोट बिघडवणारा. फेस मरेपर्यंत जिनं कुणाला घोटभर दिली नाही, तिनं पाहुण्याच्या मानाला जे करायचं ते सगळं केलं होतं. सणाचा स्वयंपाक सोडून, हात दुखेपर्यंत फडकं धरून केलं होतं. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी “छान झालीय” म्हटलं आणि मागच्या दारानं बाहेर पडले.

ॲल्विन विहिरीपाशी काकांना आणलेली मोटारसायकल पुसत होता. मी सांगितलं. तो आधी हसला. मग माझं तोंड बघून थांबला.

“सगळीच ओतली?”

“बाटली धुऊन ठेवलीय.”

“सोडा घालू का? थोडासा?”

“आबांच्या द्राक्षात सोडा? कारखान्यातला माणूस आहेस ना तू?”

“मग आबांना बाजूला घेऊन सांग.”

“आणि ते जेवताना गप्प बसतील? तू ओळखत नाहीस त्यांना.”

खरंच ओळखत नव्हता. आबांना खोटं बोलता यायचं नाही. म्हणजे ते ठरवून खरं बोलायचे असं नाही, त्यांना दुसरं काही जमायचंच नाही. मामाच्या लग्नात, भर पंगतीत, यजमानानं विचारलं, “भाजी कशी झालीय आबा?” आबा म्हणाले, “मीठ जास्त पडलंय.” आईनं किती वेळा कपाळाला हात लावला असेल याची गणती नाही. द्राक्षाची पेटी विकताना खालच्या घडाला डाग आहे हे व्यापाऱ्याच्या आधी तेच दाखवायचे.

आता हे आबा पेला हातात घेणार. त्यात काही दिसणार नाही. एक तर ते सरळ म्हणणार, “हिच्यात मोती नायत.” मग मम्मीला कळणार की तीन वर्षं बोलावून बोलावून आणलेल्या व्याह्यांची भेट तिनंच स्वतःच्या हातांनी वाया घालवली. ती ते जन्मात विसरली नसती. नाहीतर आबा गप्प बसणार आणि मनात समजणार की आपल्या द्राक्षात काही नव्हतंच, साहेबांनी चढवून सांगितलं होतं. आणि मग ती गप्प गप्प मूर्ती परत दिंडोरीला जाणार. मला वाटायला लागलं, आलेच नसते तर बरं झालं असतं. आपल्याच आईबापांबद्दल असं वाटणं किती वाईट, ते ज्याला वाटलंय त्यालाच कळेल.

“जेवायला चला!” मम्मीची हाक आली.

टेबल तिनं अंगणाकडच्या खिडकीला लावलं होतं. माझे उंच पेले रांगेत. आबा मध्ये, त्यांच्या एका हाताला आई, दुसऱ्या हाताला बस्त्यावकाका. काकांनी बसल्या बसल्या बोटीवरच्या नाताळाचं पुराण सुरू केलं होतं. “व्याही, मी ही वाइन राजेरजवाड्यांना वाढलीय. बाटली उघडायची ती आवाज न करता, म्हणजे कारागीर. आणि मग बघायचं पेल्यात. मोती! मोती नाहीत तर ती वाइनच नाही.”

आबा मान हलवत ऐकत होते. मी ॲल्विनकडे बघितलं. ॲल्विननं छताकडे बघितलं.

मम्मी जग घेऊन आली. तिनं प्रार्थना म्हटली, आमच्या घरात जेवणाआधी म्हणतात ती, पण त्या दिवशी त्यात दोन ओळी जास्त घातल्या: “प्रभू, आज आमचं टेबल भरलं. जे दुरून आले त्यांचा प्रवास तू राखलास, तुझे उपकार.” आबांनी टोपी नीट केली आणि हात जोडले. मग मम्मीनं स्वतः वाढायला घेतलं. पहिला पेला आबांचा.

वाइन पेल्यात गेली. आवाज नाही, फेस नाही, काही नाही.

बस्त्यावकाकांनी आपला पेला उचलला, डोळ्यांसमोर धरला, फिरवला. भुवया वर गेल्या. मी टेबलाखालून त्यांचा पाय शोधत होते, सापडला तो आईचा. आई दचकली.

“व्याही,” काका म्हणाले, “तुम्हाला मोती दिसतात का हो?”

मम्मीचा हात जगावर थांबला. तिला प्रश्न कळला नव्हता, पण काकांचा सूर कळला होता. तिनं आबांकडे बघितलं.

आबांनी पेला दोन बोटांत धरला, खिडकीच्या उजेडात नेला. बराच वेळ बघत राहिले. मला त्यांच्या मनगटावरची शीर दिसत होती. मला वाटलं, आता संपलं सगळं.

“म्या बघितले की,” आबा म्हणाले. “लई सुंदर. माळाच्या माळा वर येत व्हत्या. डोळं भरून बघितले.”

काकांनी परत आपल्या पेल्यात बघितलं, मग आबांकडे, मग मम्मीकडे. त्यांचं तोंड काहीतरी बोलायला उघडलं होतं ते हळूहळू मिटलं. काका कितीही फुशारकी मारोत, जन्मभर त्यांनी पाहुण्यांचे चेहरे वाचले होते.

“मग माझाच चष्मा बदलायला झाला,” ते म्हणाले, आणि एक घोट घेतला. “वहिनी, फर्स्ट क्लास!”

“काय दिसलं, व्याही?” मम्मीनं विचारलं.

“तुमच्या घरात मोत्याच्या माळा दिसल्या म्हनलं, विहीणबाई.” आबांनी आपला भरलेला पेला उचलून तिच्या पानापाशी ठेवला. “मला चालत नाय. माझ्या वाटनीची तुमी घ्या.”

मम्मी लाजली. मी तिला लाजताना पहिल्यांदा बघितलं. तिनं आबांचा पेला घेतला आणि आईनं आपला लिंबाच्या सरबताचा पेला त्याला लावला, सकाळभर आळीत बघून शिकली होती तसा. मग वाढणं, आग्रह, शाकुती कुणाच्या पातेल्याला लागू नये म्हणून मम्मीची धावपळ, आईचं “अहो बसा हो तुम्ही पण”. बस्त्यावकाकांनी आबांना द्राक्षाची छाटणी कशी करतात ते विचारलं आणि चक्क ऐकून घेतलं. इतकं बोलणं आमच्या टेबलावर मी कधी ऐकलं नव्हतं.

मी मात्र जेवताना आबांकडेच बघत होते. आबा खोटं बोलले होते. ज्या माणसानं पंगतीत यजमानाच्या भाजीतलं मीठ काढलं, तो माझ्या सासूसाठी भरल्या टेबलावर खोटं बोलला. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण त्याखाली एक सल होता. माझ्यापायी आबांना पहिल्यांदा खोटं बोलावं लागलं. आणि त्यांना मोती बघायला मिळाले नाहीत ते नाहीतच.

ऊन उतरल्यावर मी त्यांना मागची वाडी दाखवायला नेलं. केळी, पानवेल, विहीर. आबांनी प्रत्येक केळीच्या बुंध्याशी वाकून माती चिमटीत घेतली. शेवटी मला राहवेना.

“आबा, तुम्ही खोटं का बोललात?”

“कवा?”

“टेबलावर. मोती बघितले म्हणालात.”

“मग? बघितले की.”

“आबा, ती गाळलेली होती. मम्मीला माहीत नव्हतं. त्यात एकसुद्धा बुडबुडा नव्हता.”

“पेल्यात नवता,” आबा म्हणाले. “पेल्यात बघितले असं कुठं म्हनलो म्या?”

त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि माझ्या तळव्यावर काहीतरी ठेवलं. भूछत्रासारखं फुगलेलं बाटलीचं बुच.

“म्या पडवीत बसलो व्हतो. एकदम ठॉप्प झालं आन हे खिडकीतून येऊन माझ्या पायाशी पडलं. उठून बघायला गेलो तर तुझी सासू वतत व्हती. सुवर्णे, काय सांगू तुला. बाटलीतून बाहेर आली की फेसच फेस, पांढराशुभ्र. फडक्यावर उसळायची, आन काचेच्या जगात खालून वर, खालून वर. बारीक बारीक मोती. उन्हाची तिरीप पडलेली त्याच्यावर. साहेब म्हनला व्हता त्याच्याहून लई. म्या खिडकीला लागून उभाच राह्यलो.”

“मग थांबवलं का नाही त्यांना? म्हणायचं ना, गाळू नका.”

आबांनी केळीचं एक वाळकं पान ओढून काढलं, घडी घातली, आळ्यात टाकलं.

“ती काय करत व्हती बघितलं का तू? फडक्याची दोन टोकं दाताखाली, दोन एका हातात, आन दुसऱ्या हातानं वतताना एक थेंब बाहेर सांडू देत नवती. कुनी बघत नवतं तिला. पावन्यासाठी लोक समोर करत्यात, ती पाठीमागं करत व्हती.” त्यांनी हाताला लागलेली माती झटकली. “म्या इतकी वर्षं द्राक्ष दिली कारखान्याला. वजनकाट्यावर टाकली, घेऊन गेले. माझ्या द्राक्षाला असं कुनी धरलं नवतं गं. तिला थांबवायला माझी जीभ उचलली नाय. आन म्हनलं, जिच्या हातात आपली बाटली अशी हाय, तिच्या घरात आपली पोरगी कशी असंल.”

मी बुच मुठीत धरून रडले. आबांनी मला रडू दिलं. मग टोपी काढून स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “विहीणबाईला यातलं काय बोलू नको.”

बोलले नाही. ते बुच आईनं दिंडोरीला नेलं. बाटलीला जिनं घरात येऊ दिलं नव्हतं तिनं त्यात सुया टोचून ठेवायला सुरुवात केली. अजून तिच्या शिवणाच्या डब्यात आहे.

पुढच्या नाताळाला आबा दोन बाटल्या घेऊन आले. एक मी टेबलावर उघडली, गार, तिरकी धरून, आवाज न करता, जशी शिकले होते तशी. सगळ्यांनी वाहवा केली. मम्मीनं पेला उजेडात धरला, वर येणाऱ्या माळांकडे बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडे, मग आबांकडे. मला वाटलं, आता हिला सगळं कळलं. ती शांतपणे म्हणाली, “चांगली आहे. गाळायची राहिली एवढंच.” आणि स्वतःचा जग पुढे केला. कारण दुसरी बाटली तिनं सकाळीच गाळली होती. त्या वर्षी तिला दाताखाली फडकं धरावं लागलं नाही. आबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले होते, म्हणाले होते, “विहीणबाई, टोकं म्या धरतो. तुमी वता.”

मग ते दर वर्षाचंच झालं. एक बाटली टेबलाची, एक फडक्याची. माळकरी माणूस खिडकीशी उभा राहून वाइनच्या फडक्याची टोकं धरायचा, फेसाकडे बघायचा, आणि मम्मी त्याला आळीतल्या बातम्या सांगत ओतायची. आमच्या घरातली पोरं हेच बघत मोठी झाली. त्यांना वाटतं, वाइन अशीच करतात, एक आजी आणि एक आजोबा मिळून.

गेल्या श्रावणात आबा गेले. नाताळ आला तसं मी मनाशी ठरवलं होतं, या वर्षी एकच बाटली उघडायची, टेबलाची. सकाळी मी भांडी पुसत होते. मम्मीनं फ्रिजमधून बाटली काढली, जग मांडला, धुतलेलं जाड फडकं झटकलं. हात थरथरतात तिचे आता.

“सुवर्णा, इकडे ये. टोकं धर.”

मी धरायला गेले.

“तिथं नाही,” ती म्हणाली. “खिडकीकडे उभी राहा. व्याही तिथंच उभे राहायचे. तिथूनच दिसतं ते.”

मी जागा बदलली, फडक्याची टोकं घट्ट धरली, आणि मम्मी ओतायला लागली.